बिनबोभाट सौदा

१९७२ च्या जुलै महिन्यात मराठवाड्यातल्या शेतकऱ्याचे डोळे आभाळाकडे लागले होते. आधीची दोन वर्षं पावसानं हात आखडता घेतला होता आणि हेही वर्ष कोरडंच जाणार अशी धास्ती गावोगाव होती. त्याच महिन्याच्या ५ तारखेला न्यूयॉर्कमध्ये एक करार झाला. ४० लाख टन गहू आणि ४५ लाख टन मका, मिळून सुमारे ४६ कोटी डॉलरचा माल. घेणारं सोव्हिएत संघाचं सरकार, देणारी कॉन्टिनेंटल ग्रेन नावाची खासगी पेढी आणि पेढीच्या वतीनं शब्द देणारा माणूस मिशेल फ्रिबूर. विकलेल्या गव्हापैकी बहुतेक गहू त्या दिवशी त्याच्या मालकीचा नव्हता. तो अजून खरेदी व्हायचा होता, आणि खरेदी पुरी होईपर्यंत सौद्याचा आकार कुणालाही कळता कामा नये यावर सगळं अवलंबून होतं.

बहात्तरच्या दुष्काळाची आठवण आपण पावसाच्या भाषेत सांगतो. विहिरी आटल्या, जनावरं गेली, माणसं खडी फोडायला गेली. हे सगळं खरंच आहे. पण त्या वर्षीच्या भुकेचा एक धागा बाजारातून जातो आणि त्याचं टोक फ्रिबूर घराण्याच्या पेढीपाशी पोहोचतं. तो धागा आपल्याकडे फारसा कुणी धरला नाही.

घराणं ज्यू, मूळचं आर्लाँ गावचं. हे गाव आज बेल्जियममध्ये आहे; पण १८१३ साली सिमाँ फ्रिबूरनं तिथं धान्याचा व्यापार सुरू केला तेव्हा बेल्जियम हा देशच नव्हता, तिथं नेपोलियनची सत्ता होती. एका प्रांताचं उरलेलं धान्य दुसऱ्या प्रांताच्या गरजेला नेऊन घालायचं, एवढाच धंदा. १८४८ च्या टंचाईत घराण्यातला एक कर्ता थेट काळ्या समुद्राकडच्या बेसारेबियात सोनं घेऊन गेला आणि तिथला गहू बेल्जियमला आणला, असं घराण्याच्या इतिहासात सांगितलं जातं. पुढे पेढी अँटवर्प बंदरात आली. रशियाचा, रुमानियाचा, अर्जेंटिनाचा गहू युरोपच्या गिरण्यांना पुरवू लागली. पहिल्या महायुद्धानंतर लंडन आणि पॅरिसमध्ये तिची कार्यालयं आली, आणि विसाच्या दशकात शिकागो आणि न्यूयॉर्कमध्ये.

अमेरिकेत पाय रोवले ते मिशेलचे वडील ज्यूल आणि काका रेने यांनी. तिसाच्या दशकातल्या महामंदीत अमेरिकेच्या मध्यभागातली धान्याची उंच कोठारं मातीमोल भावानं मिळत होती. तिथं त्यांना एलिव्हेटर म्हणतात. माल वर चढवायचा, साठवायचा, वाळवायचा आणि खाली थेट रेल्वेच्या डब्यात किंवा जहाजात सोडायचा, अशी ती सोय. बाकीचे व्यापारी हात आखडून बसले असताना ज्यूल फ्रिबूरनं ही कोठारं घेतली. माणसं गहू खायची थांबत नाहीत, आणि आज ना उद्या हा माल याच कोठारांतून जाणार, हा त्याचा हिशेब होता. रेनेचा ओढा कलेकडे. त्यानं जमवलेल्या चित्रांचा, चिनीमातीच्या भांड्यांचा आणि जुन्या फ्रेंच लाकूडसामानाचा लिलाव १९६३ साली लंडनला झाला, तेव्हा कलाविश्वात त्याची मोठी चर्चा झाली होती.

मिशेलचा जन्म १९१३ चा, अँटवर्पचा. वाढला अँटवर्प आणि पॅरिसमध्ये, अनेक भाषा बोलत. १९४० साली जर्मन फौजा फ्रान्समध्ये शिरल्या तेव्हा या ज्यू घराण्याला सगळं मागे टाकून निघावं लागलं. स्पेन आणि पोर्तुगालमार्गे ते न्यूयॉर्कला पोहोचले. मिशेल अमेरिकन सैन्याच्या गुप्तवार्ता विभागात भरती झाला. १९४४ साली वडील वारले आणि तिशीच्या उंबरठ्यावरच्या या तरुणाच्या हाती पेढी आली. युरोपातल्या कार्यालयांची वाताहत झालेली होती. मात्र युद्ध संपताच उपाशी युरोपला अमेरिकेचा गहू हवा होता आणि वडिलांनी मंदीत घेतलेली कोठारं जागेवर उभी होती.

त्याच्यावर छायाचित्रकारांचे दिवे फारसे कधी पडले नाहीत. शांत, नीटनेटका, हळू आवाजात बोलणारा, अशीच त्याची ओळख सांगितली जाते. पेढीचे भाग शेअर बाजारात नव्हते. त्यामुळे किती कमावलं, किती गमावलं हे जगाला सांगण्याचं बंधन नव्हतं. त्या काळी जगाच्या धान्यव्यापारावर पाच घराण्यांची पकड होती: मिनेसोटाची कारगिल, फ्रान्सची लुई ड्रेफस, अर्जेंटिनात वाढलेली बुंगे, स्वित्झर्लंडची आंद्रे आणि फ्रिबूरांची कॉन्टिनेंटल. पाचही घराण्यांची रीत एकच. कुठलं जहाज कुठं चाललंय, कुणाला किती माल हवाय, हे शेजारच्या टेबलावरच्या माणसालाही कळू द्यायचं नाही. आपल्याकडचा मुरलेला भुसार व्यापारीसुद्धा गिऱ्हाईक कोण हे अडत्याला सांगत नाही. फरक इतकाच, की इथं एका गिऱ्हाइकाची गरज अख्ख्या देशाच्या भाकरीएवढी होती.

सोव्हिएत संघाशी फ्रिबूरची ओळख जुनी. १९६३ साली तिथलं पीक बुडालं. केनेडी यांनी गहू विकायला परवानगी दिली आणि १९६४ च्या आरंभी कॉन्टिनेंटलनं १० लाख टन गव्हाचा करार केला. शीतयुद्धाचे दिवस होते. बंदरावरच्या कामगारांनी साम्यवाद्यांसाठी गहू भरायला नकार दिला. वर निम्मा माल अमेरिकन जहाजांतूनच गेला पाहिजे अशी अट, आणि ती जहाजं महाग. दुसरा व्यापारी या कटकटीला कंटाळून बाजूला झाला असता. फ्रिबूरनं करार निभावला. मॉस्कोतल्या धान्यखरेदी खात्याच्या अधिकाऱ्यांनी ते ध्यानात ठेवलं. पुढे निक्सन यांनी जहाजांची ती अट काढली, आणि १९७१ च्या नोव्हेंबरमध्ये कॉन्टिनेंटल आणि कारगिल यांनी रशियाला पशुखाद्याचं धान्य विकलं.

यानंतरच्या हिवाळ्यात रशियात बर्फ कमी पडला. ऐकायला हे बरं वाटतं, पण हिवाळी गव्हासाठी बर्फाचा थर म्हणजे पांघरूण असतो. तो नसला की कडाक्याच्या थंडीनं रोप जमिनीतच मरतं. नंतर उन्हाळा इतका कोरडा गेला की मॉस्कोभोवतीच्या दलदलीच्या जमिनी पेटल्या आणि राजधानीवर धूर पसरला. अशा वेळी पूर्वीचं सरकार जनावरं कापायला लावून, लोकांना पोट आवळायला सांगून वर्ष काढत असे. ब्रेझनेव्ह यांच्या सरकारनं लोकांना मांस देण्याचं वचन दिलेलं होतं आणि मांसासाठी जनावरं जगवायला धान्य लागतं. सोव्हिएत सरकारनं पहिल्यांदाच ठरवलं, की तूट झाली तरी खाणं कमी करायचं नाही, बाहेरून आणायचं. जगाच्या धान्यबाजाराच्या इतिहासातलं ते मोठं वळण आहे, आणि त्याची दवंडी कुणी पिटली नाही.

जूनच्या अखेरीला निकोलाय बेलोउसोव्ह यांच्या नेतृत्वाखाली एक्सपोर्टख्लेब या सरकारी खरेदी संस्थेची माणसं अमेरिकेत आली. अमेरिकन सरकारशी त्यांचं बोलणं चाललं होतं ते उधारीचं: तीन वर्षांत ७५ कोटी डॉलरचं धान्य घ्यायचं आणि त्यासाठी अमेरिकेनंच कर्ज द्यायचं. ८ जुलैला या कर्जाची घोषणा झाली, वर्तमानपत्रांनी निक्सन यांच्या मुत्सद्देगिरीची वाखाणणी केली. त्याच्या तीन दिवस आधीच फ्रिबूरनं एकट्यानं त्यातल्या निम्म्याहून अधिक रकमेचा माल विकून टाकला होता.

आता मुख्य प्रश्न: जो माल हातात नाही तो ठरलेल्या भावानं विकायची हिंमत कशी झाली? याचं उत्तर अमेरिकन सरकारच्या एका योजनेत आहे. तिथं गव्हाचा देशांतर्गत भाव जगाच्या भावापेक्षा चढा राही आणि कोठारं तुडुंब भरलेली असत. म्हणून निर्यातदाराला जगाच्या भावानं विकता यावं यासाठी सरकार फरकाची रक्कम भरून देई. त्या वेळी निर्यातीचा भाव बुशेलला, म्हणजे सुमारे २७ किलोला, १ डॉलर ६३ सेंटच्या आसपास धरलेला होता. देशातला भाव कितीही चढो, वरचा भार सरकारचा. ३ जुलैला फ्रिबूरचा विश्वासू सहकारी बर्नार्ड स्टाइनवेग यानं कृषी खात्यातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याला विचारून घेतलं: आम्ही मोठी विक्री करणार आहोत, ही योजना अशीच राहणार ना? खात्यानं होकार दिला. मग सह्या झाल्या.

फ्रिबूरची हिंमत होतीच, पण सौद्यातला सगळ्यात मोठा धोका त्यानं आधीच करदात्याच्या खांद्यावर ठेवला होता. धंदा म्हणून पाहिलं तर ही कमालीची दक्षता. खातं म्हणून पाहिलं तर अक्षम्य गाफीलपणा. किती माल, कुणाला, हे नीट विचारल्याशिवाय सरकारनं कोरा धनादेश लिहून दिला.

रशियन मंडळी तेवढ्यावर थांबली नाहीत. ती एकेका पेढीला स्वतंत्रपणे भेटली, कारगिल, लुई ड्रेफस, कुक, बुंगे, गार्नाक. आपल्या प्रतिस्पर्ध्यानं किती विकलंय हे एकालाही कळलं नाही. ज्या गुप्ततेवर ही घराणी पोसली होती तीच गुप्तता रशियानं त्यांच्याविरुद्ध वापरली. शेवटी बेरीज झाली ती सुमारे १ कोटी ९० लाख टनांची. त्यातला गहूच जवळपास १ कोटी २० लाख टन, अमेरिकेच्या त्या वर्षीच्या पिकाच्या चौथ्या हिश्शाहून जास्त.

टेक्सास आणि ओक्लाहोमामध्ये गहू लवकर काढणीला येतो. तिथल्या शेतकऱ्यांनी जून-जुलैतच नेहमीच्या पडत्या भावानं माल विकला होता. ज्याला कोठारात माल दाबून ठेवण्याची ऐपत होती किंवा ज्याचं पीक उत्तरेत उशिरा आलं, त्याचं भलं झालं. हे वाचताना आपल्या बाजारसमितीत दिवाळीआधी सोयाबीन घालून मोकळा होणारा अल्पभूधारक आठवल्याशिवाय राहत नाही. बातमी उशिरा पोहोचते ती नेहमी ज्याला थांबणं परवडत नाही त्याच्यापर्यंत.

ऑगस्टमध्ये भाव चढू लागले, तशी सरकारनं भरायची रक्कमही चढली. महिनाअखेरीस ती बुशेलला ४७ सेंटपर्यंत गेली तेव्हा कुठे खातं जागं झालं आणि योजना आवरती घेतली. तोवर सुमारे ३० कोटी डॉलर गव्हाच्या निर्यातीवर खर्ची पडले होते. सिनेटर हेन्री जॅक्सन यांनी याला धान्याचा महादरोडा म्हटलं आणि ते नाव चिकटलं. सप्टेंबरात संसदेच्या समितीसमोर चौकशी झाली. त्यात क्लॅरेन्स पामबी यांचं नाव गाजलं. कृषी खात्याचे सहायक सचिव म्हणून एप्रिलमध्ये मॉस्कोला वाटाघाटींना गेलेले हे गृहस्थ जूनमध्ये कॉन्टिनेंटलचे उपाध्यक्ष झाले होते. खटला झाला नाही. पण सरकारी खुर्चीतून उठून थेट पेढीच्या खुर्चीत बसणं लोकांना खटकलं, आणि ते खटकायलाच हवं होतं.

एका वर्षात शिकागोतला गहू दुपटीहून अधिक महागला. जून १९७३ मध्ये निक्सन सरकारनं सोयाबीनच्या निर्यातीवर काही काळ बंदी घातली. पेरूच्या समुद्रातली मासळी घटली होती, आफ्रिकेच्या साहेल भागात दुष्काळ होता, भारतात पाऊस नव्हता. एका फ्रिबूरनं हे सगळं घडवलं असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण जगाच्या साठ्याचा तळ दिसत असताना तो साठा आधी कुणाकडे जाणार हे त्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये ठरलं, आणि बाकीच्या जगाला ते ठरल्यावर कळलं.

बाकीच्या जगात आपण होतो. हरित क्रांतीच्या भरवशावर १९७१ च्या अखेरीस भारतानं अमेरिकेची सवलतीच्या गव्हाची आयात थांबवली होती. त्या गव्हानं आपल्याला ओशाळं केलं होतं, तेव्हा निर्णय स्वाभिमानाचा होता. पण पुढच्याच वर्षी पाऊस दडी मारून बसला आणि आपण बाजारात उतरलो तेव्हा स्वस्त गहू रशियाच्या वाटेवर होता. वाढलेल्या भावानं, वाढलेल्या जहाजभाड्यानं जे मिळेल ते घ्यावं लागलं. महाराष्ट्रात रेशनवर आली ती परदेशी मिलो, लालसर ज्वारी. तिची भाकरी थापताना चिरायची, रंग तांबूस, चव परकी. अमेरिकेत ही ज्वारी मुख्यतः जनावरांना घालतात. ज्या वर्षी रशियन जनावरांसाठी मक्याची जहाजं निघाली त्याच वर्षी मराठी माणसानं जनावरांचं धान्य खाल्लं. मला ही गोष्ट केवळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. पैसा आणि बातमी ज्याच्याकडे आधी, त्याची गाय पोटभर जेवते, हा त्या बाजाराचा नियमच होता.

महाराष्ट्र तरला तो कामांमुळे. वसंतराव नाईक यांच्या सरकारनं पाझर तलाव, बंधारे, रस्ते काढले. मे १९७३ मध्ये जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. हातात मजुरी आल्यामुळे धान्य विकत घेता आलं. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेज यांनी या दुष्काळाचा अभ्यास करताना एक महत्त्वाची गोष्ट नोंदवली आहे: राज्याबाहेरून धान्य आणायला बंदी असतानाही खासगी व्यापाऱ्यांनी सीमा ओलांडून पुष्कळ धान्य महाराष्ट्रात आणलं, आणि लोकांच्या पोटात गेलेल्या धान्यात त्याचा वाटा मोठा होता. बेसारेबियाला सोनं घेऊन गेलेल्या त्या फ्रिबूरचंच हे काम, एवढ्या दूरवर, ट्रकनं आणि रात्री.

दिल्लीत मात्र वेगळं ठरलं. एप्रिल १९७३ मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारनं गव्हाचा घाऊक व्यापार सरकारी केला. व्यापाऱ्याला बाजूला सारलं की साठेबाजी संपेल असा विचार होता. गहू बाजारात यायचाच कमी झाला आणि वर्षभरात, मार्च १९७४ मध्ये, निर्णय मागे घ्यावा लागला. दरम्यान रशियात विक्रमी पीक आलं आणि १९७३ च्या शरदात सोव्हिएत संघानं भारताला २० लाख टन गहू उसना दिला. आदल्या वर्षी तेच सरकार अमेरिकन करदात्याच्या पैशानं स्वस्त झालेला गहू उचलत होतं. आपण त्यांचे आभार मानले. गरजवंताला दुसरा मार्ग नव्हता.

फ्रिबूर दोषी होता का? कायद्याच्या दृष्टीनं त्या सौद्यात नाही, आणि त्याला खलनायक ठरवून मोकळं होणं मला पटत नाही. त्याची पेढी नसती तर तो गहू हलवण्याची कोठारं, आगगाड्या, जहाजं आणि उधारी सरकारला एका उन्हाळ्यात उभी करता आली नसती. भारताचा अनुभव समोर आहेच. पण धान्याची बातमी ही पेढीची खासगी मालमत्ता आहे, ही त्याच्या घराण्याची दीडशे वर्षांची समजूत मला मान्य नाही. कापसाची किंवा कथिलाची बातमी दडवली तर कुणाचा नफा-तोटा होईल. गव्हाची दडवली तर कुठल्या तरी तिसऱ्या देशात ताटं रिकामी राहतात, आणि त्या ताटांसमोर बसलेल्यांना कारणही कळत नाही.

अमेरिकेनं तेवढा धडा घेतला. १९७३ च्या शेती कायद्यानं निर्यातदारांना आपली विक्री दर आठवड्याला कळवणं बंधनकारक झालं. एका दिवसात एक लाख टन किंवा त्याहून मोठा सौदा झाला तर तो दुसऱ्या दिवशीच कळवायचा. सौद्यानंतर अडीच आठवड्यांनी, २३ जुलै १९७२ ला, अमेरिकेनं लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह सोडला होता. १९७४ पासून त्याच्या छायाचित्रांवरून गव्हाच्या पिकाचा अंदाज बांधायचा प्रयोग सुरू झाला आणि १९७७ साली सोव्हिएत पीक कमी येणार हे मॉस्कोनं कबूल करण्याआधी त्यातून दिसलं. आकाशातून शेत दिसू लागल्यावर धान्याच्या बातमीची मक्तेदारी सैल पडायला लागली.

फ्रिबूरनं ते ओळखलं असावं. त्याची पेढी हळूहळू कोंबड्या, डुकरं आणि पशुखाद्याच्या धंद्यात शिरली. चीननं दार किलकिलं केलं तेव्हा शेन्झेन इथं विदेशी गुंतवणुकीचा पहिला परवाना ज्या भागीदारीला मिळाला तिच्यात कॉन्टिनेंटल होती, साल १९८१. १९९९ मध्ये धान्यव्यापाराचा विभाग कारगिलला विकला गेला, ज्या कारगिलशी फ्रिबूरनं आयुष्यभर झुंज घेतली तिलाच. तेव्हा पेढीची सूत्रं मुलगा पॉल याच्या हाती होती. मिशेल फ्रिबूर १० एप्रिल २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये वारला, ८७ व्या वर्षी. पेढी आजही घराण्याकडेच आहे; गव्हाची जहाजं मात्र आता दुसऱ्यांच्या नावानं निघतात.